व्हिसा मिळाल्यानंतरचे परदेश

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी जाण्याविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुधा व्हिसा हातात पडेपर्यंतचे असते. अर्ज कसा भरावा, मुलाखतीत काय विचारतात, सामान किती किलो न्यावे, वगैरे. खरी अडचण तिथे तीन-चार वर्षे काढल्यावर येते, आणि ती बहुतेक वेळा तारखांची असते. पासपोर्ट, रहिवासी परवाना, वाहन परवाना, विमा, बँक खाते यांच्या मुदती एकमेकींत अडकलेल्या असतात. माणूस मात्र त्या सुट्या धरून चालतो.

सुरुवात पासपोर्टपासून. अनेक देश रहिवासी परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा देत नाहीत. तीन वर्षांचा परवाना मिळण्याजोगा असला आणि पासपोर्टचे चौदाच महिने उरले असले, तर परवानाही चौदा महिन्यांचाच. तो संपला की त्यावर टेकलेला आरोग्य विमा आणि बँक खाते दोन्ही लटकतात. शिवाय कित्येक देशांत प्रवेशासाठी पासपोर्टचे सहा महिने शिल्लक लागतात. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातला देशांचा गट) अल्पकाळासाठी येणाऱ्याला परतीच्या तारखेनंतरचे तीन महिने लागतात आणि पासपोर्टही गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट कामाचा साडेनऊ वर्षेच. हिशेब उलट्या बाजूने करावा: परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज कधी द्यायचा, त्याच्या मागे नवा पासपोर्ट यायला लागणारे आठवडे, त्याच्याही मागे दूतावासात भेटीची वेळ मिळण्याची वाट. वर्षभर आधी कामाला लागणे म्हणजे घाई नव्हे.

जुना पासपोर्ट टाकून देऊ नये. चालू व्हिसा त्यात असू शकतो, आणि पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करताना कोणत्या तारखेला आलात, कधी बाहेर गेलात याचा पुरावा त्यातल्या शिक्क्यांतच असतो. हल्ली बऱ्याच सीमांवर शिक्का मारतच नाहीत. म्हणून येण्याजाण्याच्या तारखांची एक वही ठेवावी आणि बोर्डिंग पासचे फोटो जपावेत.

हीच वही करासाठी लागते. कित्येक देशांत १८३ दिवसांचा निकष आहे, म्हणजे तितके दिवस राहिलात की करासाठी तुम्ही तिथले रहिवासी; पण दिवस मोजायची रीत सगळीकडे एक नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे मध्यरात्री तुम्ही देशात होता की नाही हे पाहतात. काही ठिकाणी विमानातून उतरलेला अर्धा दिवसही पूर्ण धरतात. दोन्ही देशांनी तुम्हाला आपला रहिवासी ठरवले आणि त्यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार असला, तर बहुतेक करारांत क्रम ठरलेला असतो: कायमचे घर कुठे, मग कौटुंबिक व आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट, मग नेहमीचा वावर कुठे, शेवटी नागरिकत्व. ‘दिवस भरले नाहीत, म्हणजे सुटलो’ ही समजूत इथे महागात पडते. बँकेला दिलेला जुना पत्ताही लपून राहत नाही, कारण २०१७पासून शंभराच्या आसपास देश एकमेकांना खात्यांची माहिती आपणहून कळवू लागले आहेत.

आता नाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ घरांची. वरच्या ओळीत नावाला ३९ घरे मिळतात. आधी आडनाव, मग आडव्या पडलेल्या कोनासारख्या दोन खुणा, मग स्वतःचे नाव. यंत्र वाचते ती ही ओळ. आडनावाचा रकाना कोरा सोडला असेल तर सगळे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसते, आणि परदेशी फॉर्ममध्ये ‘पहिले नाव’ तर सक्तीचे. मग कुणी तिथे टिंब देतो, कुणी तेच नाव दोनदा लिहितो; अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी ‘एफएनयू’ येते, म्हणजे पहिले नाव अज्ञात. पहिल्या कार्यालयात जे पडले ते पुढे विमा, पगार, भाडेकरार सगळीकडे उतरते. रहिवासी कार्ड हातात आले की खिडकीसमोरून हलण्याआधी ते पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. त्याच दिवशी सांगितले तर ती त्यांची चूक. वर्षाने गेलात तर तुमचा अर्ज, तुमचे शुल्क. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर आधी पासपोर्ट, मग परवाना, मग बँक. बँकेपासून सुरुवात केली तर मधले काही महिने एकच माणूस कागदावर दोन होतो.

सर्वांत जास्त फेऱ्या होतात त्या अपोस्टिलपायी. जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पदवी हे कागद परक्या कार्यालयात चालावेत म्हणून हेगच्या ५ ऑक्टोबर १९६१च्या कराराने ठरवलेले हे प्रमाणपत्र. मूळ नमुना चौकोनी, बाजू किमान ९ सेंटिमीटर, शीर्षक फ्रेंचमध्ये आणि खाली क्रमांक घातलेले दहा रकाने. ते फक्त इतकेच सांगते की सही-शिक्का खरा आहे आणि सही करणारा त्या पदावर होता. आतला मजकूर खरा आहे की नाही, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. ते मिळते ज्या देशाने दाखला दिला त्या देशात, तुम्ही राहता तिथे नव्हे. म्हणून ही कामे निघण्यापूर्वी उरकावीत. दाखला लॅमिनेट केलेला असेल तर तो बहुधा परत येतो. भाषांतर आधी आणि अपोस्टिल नंतर, हा क्रमही चुकतो: अपोस्टिलसकट भाषांतर मागितले की पुन्हा पैसे. पाने जोडणारी पिन स्कॅनसाठी काढू नये. पिनेची भोके दिसली की कागद उघडला गेल्याचा संशय येतो. जन्मदाखला ‘गेल्या सहा महिन्यांत दिलेला’ हवा अशी अटही अनेक ठिकाणी असते. अपोस्टिल शिळे होत नाही, दाखला होतो. करारात नसलेल्या देशासाठी परराष्ट्र खाते आणि मग त्या देशाचा दूतावास, असे टप्पे चढावे लागतात. जुने सल्ले मात्र तपासून घ्यावेत: चीन नोव्हेंबर २०२३मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४मध्ये या करारात आले. आणखी एक, जाणकारांनाही चकवणारे: दूतावासाने स्वतः केलेल्या कागदांना हा करार लागूच होत नाही. तेव्हा मुखत्यारपत्र दूतावासात करावे की स्थानिक नोटरीकडे, हे ते ज्या कार्यालयात दाखवायचे आहे त्यालाच आधी विचारावे.

वाहन परवान्याबाबत थोडक्यात. आंतरराष्ट्रीय परवाना पाहुण्यांसाठी असतो. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार तो एक वर्षाचा, १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आणि सोबत मूळ परवाना लागतोच. तुम्ही रहिवासी झालात की तो मानण्याचे बंधन त्या देशावर राहत नाही. स्थानिक परवाना ठरलेल्या मुदतीत घेतला नाही तर अपघातानंतर विमा कंपनी प्रथम तेच विचारते.

औषधे ब्रँडच्या नावाने लक्षात ठेवू नयेत. चिठ्ठीवर मूळ द्रव्याचे नाव हवे. तेही कधी दोन असतात: पॅरासिटामॉल म्हणजेच अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजेच अल्ब्युटेरॉल. रक्तातली साखर कुठे मिलिग्रॅममध्ये मोजतात, कुठे मिलिमोलमध्ये; प्रमाण १८ पट. उपाशीपोटी १२६ म्हणजेच ७. नव्या देशात ७ आकडा बघून ‘साखर उतरली’ म्हणून गोळी थांबवणे धोक्याचे. विजेच्या उपकरणांचे सोपे आहे: अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नव्हे. २३० व्होल्टची हजार वॉटची इस्त्री ११५ व्होल्टवर जेमतेम अडीचशे वॉट देते. उलट दिशेने नेली तर जळते.

राहता राहिला फोन. परदेशी नंबर घेतला म्हणून जुना सोडून देऊ नये. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते आणि तुमच्या बँकेचा ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. आधी प्रत्येक खात्यात नवा नंबर किंवा कोड देणारे अ‍ॅप लावावे, मगच जुना बंद करावा. फोन बदलताना ते अ‍ॅप नव्या फोनवर चालू झाल्याशिवाय जुना पुसू नये. आणीबाणीचे कोड कागदावर उतरवून घ्यावेत आणि पासपोर्टची छायाप्रत त्यांच्यासोबत घरी ठेवावी. फोन, पासपोर्ट आणि कोड एकाच बॅगेत असले आणि ती बॅग गेली, तर दूतावासात आपण कोण हे सांगायलाही हातात कागद उरत नाही.

आपला,
एक नियमित वाचक