‘नशा येत नाही’ म्हणजे ‘मनावर परिणाम होत नाही’ असे नव्हे

मा. संपादक यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅनाबिडिऑल, म्हणजेच सीबीडी, या द्रव्याविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. गांजा हा शब्द निघाला की लिहिणाऱ्याचा सूर एकतर थट्टेचा होतो, नाहीतर दटावणीचा. या लेखात दोन्ही टाळले आहे, याबद्दल लेखकाचे मनापासून अभिनंदन. मात्र लेखाच्या सुरुवातीलाच ‘सीबीडी मनावर परिणाम करत नाही, केवळ शरीरावर करते’ असे विधान आहे आणि पुढे दोनच परिच्छेदांनंतर तेच सीबीडी चिंता कमी करते असेही सांगितले आहे. ही दोन विधाने एकाच लेखात इतक्या सुखाने शेजारी नांदावीत, याचे मला नवल वाटले. अनेक वर्षे औषधशास्त्र शिकवताना विद्यार्थीही नेमके इथेच अडखळताना मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

गांज्याच्या झाडातील दोन प्रमुख द्रव्ये, नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी, यांचे रेणुसूत्र एकच आहे: कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू. टीएचसीमध्ये ऑक्सिजनच्या दुव्याने एक कडे बंद झालेले असते, सीबीडीमध्ये ते उघडे राहते. एवढ्याशा फरकाने रेणूचा आकार बदलतो आणि आकार बदलला की तो मेंदूत कुठे बसणार हेही बदलते. इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स यांच्या गटाने १९४० मध्येच सीबीडी वेगळे काढले होते, पण त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये राफाएल मेशुलाम आणि युवाल श्वो यांनी उलगडली. पुढच्याच वर्षी मेशुलाम आणि गाओनी यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळवले, आणि मग बराच काळ संशोधकांचे सारे लक्ष नशा आणणाऱ्या भावंडाकडेच राहिले.

टीएचसी ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरील संदेश पकडणाऱ्या जागेवर, बसून झिंग आणते, त्या सीबी-१ रिसेप्टरचे जनुक १९९० मध्ये ओळखले गेले. शरीर स्वतःच या रिसेप्टरसाठी जे द्रव्य तयार करते ते १९९२ मध्ये सापडले आणि संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’ शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. सीबीडी सीबी-१ च्या मुख्य जागेवर फारसे बसतच नाही, म्हणून त्याने झिंग येत नाही. पण प्रयोगशाळेत ते इतर अनेक ठिकाणी काम करताना आढळते: सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्याच्या एका रिसेप्टरवर, मिरचीचा तिखटपणा ज्यामुळे जाणवतो त्या रिसेप्टरवर आणि अ‍ॅडेनोसिन हे शरीरातील द्रव्य पेशीत शोषले जाण्याच्या प्रक्रियेवरही. यांपैकी माणसाच्या मेंदूत प्रत्यक्षात काय घडते आणि केवळ परीक्षानळीत काय घडते, यावर वाद आहे. तरीही सेरोटोनिनच्या यंत्रणेशी ज्याचा संबंध येऊ शकतो आणि ज्याच्या जास्त मात्रेने रुग्णांना गुंगी येते, असे द्रव्य मनाला स्पर्शच करत नाही असे म्हणता येत नाही. मादक असणे वेगळे आणि मनोव्यापारांवर परिणाम करणे वेगळे. चिंतेवर किंवा नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या कित्येक औषधांनी नशा येत नाही, पण म्हणून त्यांचा मनाशी संबंध नाही असे कोणी म्हणत नाही.

आता लेखात पूर्णपणे सुटलेल्या गोष्टीकडे, म्हणजे मात्रेकडे, वळते. सीबीडी आणि चिंता यांवरचे बरेचसे पायाभूत काम ब्राझीलमधील संशोधकांनी केले. त्यांची पद्धत साधी आणि कल्पक आहे: माणसाला भाषण करायला लावायचे, आणि त्याआधी, भाषण चालू असताना व नंतर त्याची अस्वस्थता, नाडी आणि रक्तदाब मोजायचा. (सभाधीटपणाचा अभाव विज्ञानाच्या इतका उपयोगी पडेल असे कोणाला वाटले असते?) २०११ मधील एका प्रयोगात सामाजिक भीतीचा विकार असलेल्या २४ जणांपैकी निम्म्यांना ६०० मिलिग्रॅम सीबीडी आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल, दिली गेली. सीबीडी घेतलेल्यांची अस्वस्थता स्पष्टपणे कमी होती. पुढे २०१७ मध्ये निरोगी व्यक्तींना १००, ३०० आणि ९०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या, तेव्हा ३०० मिलिग्रॅमने चिंता उतरली. १०० ने उतरली नाही आणि ९०० नेही नाही. २०१९ मध्ये १५०, ३०० आणि ६०० मिलिग्रॅमच्या तुलनेतही पुन्हा मधली मात्राच उपयोगी ठरली. आलेख काढला तर तो टेकडीसारखा दिसतो: चढतो, माथ्यावर पोहोचतो आणि पलीकडे उतरतो. थोड्याने थोडा गुण आणि जास्तीने जास्त गुण, हा आपला नेहमीचा हिशेब येथे लागू पडत नाही. शिवाय हे सारे एकदाच दिलेल्या मात्रेचे, एकाच दिवसाचे प्रयोग होते. तीन महिने रोज घेतल्यास काय होईल, हे त्यांवरून ठरवता येत नाही.

अपस्माराच्या उपचारातील मात्रा तर आणखी वेगळी आहे. ड्रावे सिंड्रोम हा लहानपणीच सुरू होणारा आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार आहे. २०१७ मध्ये १२० मुले आणि तरुणांवर झालेल्या चाचणीत सीबीडी घेतलेल्या गटात महिन्याला येणाऱ्या मोठ्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली; प्लासिबो गटात ती १४.९ वरून १४.१ एवढीच उतरली. त्या घरांतील आईवडिलांसाठी हा फरक केवढा असेल, हे सांगायला नको. या आणि अशा चाचण्यांच्या आधारे जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. पण चाचणीतील मात्रा होती दिवसाला प्रतिकिलो २० मिलिग्रॅम. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाला रोज ४०० मिलिग्रॅम, तेही नियमित रक्ततपासणीसह. अनेक मुलांना गुंगी, जुलाब आणि उलट्या झाल्या, काहींच्या यकृतातील विकरांची (एन्झाइम्सची) पातळी वाढली, आणि ती विशेषतः व्हॅल्प्रोएट हे औषध आधीपासून घेणाऱ्या मुलांमध्ये वाढली. क्लोबाझॅम हे अपस्माराचे आणखी एक औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत आणखी गुंतागुंत आहे: सीबीडीमुळे क्लोबाझॅमपासून शरीरात तयार होणाऱ्या सक्रिय घटकाची पातळी रक्तात वाढते. त्यामुळे फायद्याचा किती वाटा सीबीडीचा आणि किती त्या वाढलेल्या क्लोबाझॅमचा, हा प्रश्न अभ्यासकांनी स्वतःच उपस्थित केला.

याउलट ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांनी अन्नपदार्थांतून घ्यावयाच्या सीबीडीची सल्ल्यादाखल दिलेली मर्यादा दिवसाला ७० मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅमवर आणली. १०, ३०० आणि ४०० हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दुकानातल्या सीबीडीच्या थेंबांची जाहिरात करताना अपस्माराच्या झटक्यांवरच्या संशोधनाचा दाखला देणे हे किती फसवे आहे, ते त्यांवरून कळेल. कमी मात्रेची नीट चाचणी झाली तेव्हा काय दिसले, हेही सांगायला हवे: हाताच्या सांध्यांची झीज किंवा सोरायसिस या त्वचारोगामुळे होणारा संधिवात असलेल्या १३६ रुग्णांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी किंवा प्लासिबो दिले असता वेदनेत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही. बरे वाटले ते दोन्हीकडच्या काहींना वाटले. ‘मला तर गुण आला’ ही साक्ष खोटी नसते, पण गुण कशाने आला हे त्या साक्षीतून कळत नाही. त्यासाठीच कोणाला काय दिले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवून ठेवावे लागते.

शिवाय बाटलीत काय आहे, हाही प्रश्न आहे. २०१७ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासली, तेव्हा वेष्टनावर लिहिलेले प्रमाण फक्त २६ उत्पादनांत बरोबर निघाले आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. म्हणजे ‘नशा न आणणारे’ म्हणून घेतलेल्या बाटलीत नशेचे द्रव्यही असू शकते, आणि अशा वेळी हलके वाटल्याचे श्रेय कोणाला द्यायचे? घेण्याच्या वेळेनेही चित्र पालटते. तोंडाने घेतलेल्या सीबीडीचा अगदी थोडा भाग रक्तात पोहोचतो, पण स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास रक्तातील एकूण प्रमाण सुमारे चौपट होते. उपाशीपोटी घेणाऱ्याचा आणि भरल्या पोटी घेणाऱ्याचा अनुभव एकाच तराजूत तोलता येत नाही.

लेखातील आणखी एका विधानावर लिहिणे भाग आहे. सीबीडी हे टीएचसीच्या दुष्परिणामांवरचा उतारा आहे, असे त्यात म्हटले आहे. १९८० च्या दशकातील एका छोट्या अभ्यासातून ही आशा निर्माण झाली होती आणि ती अनाठायी नव्हती. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६ निरोगी स्वयंसेवकांना १० मिलिग्रॅम टीएचसीसोबत शून्य, १०, २० किंवा ३० मिलिग्रॅम सीबीडी वाफेतून देण्यात आले, तेव्हा स्मृतीवरचा परिणाम किंवा भ्रमसदृश अनुभव कोणत्याही प्रमाणात कमी झाले नाहीत. सर्वाधिक सीबीडी घेताना खोकला तेवढा वाढला. तोंडाने दिलेल्या मोठ्या मात्रेचा निष्कर्ष कदाचित वेगळा निघेल. तोवर ‘उतारा’ हा शब्द वापरणे धोक्याचे आहे, कारण त्याच्या भरवशावर कोणी जास्त टीएचसी घेण्याचे धाडस करील.

हे सारे लिहिण्यामागे सीबीडीला खाली पाडण्याचा हेतू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीमध्ये व्यसन लागण्याची क्षमता दिसत नसल्याचे नमूद केले, आणि ते महत्त्वाचे आहे. स्किझोफ्रेनियावर २०१८ मध्येच दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या: नेहमीच्या औषधांना १,००० मिलिग्रॅमची जोड दिली असता भ्रम आणि भास काहीसे कमी झाल्याचे एकीत दिसले, तर ६०० मिलिग्रॅमच्या दुसरीत फायदा दिसला नाही. हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांची तल्लफ ४०० आणि ८०० मिलिग्रॅमने कमी झाल्याचे २०१९ मधील एका लहान अभ्यासात आढळले. या वाटा पुढे चालून पाहण्यासारख्या आहेत, आणि ‘मनावर परिणाम नाही’ असे एकदा ठरवून टाकले तर त्यांवर चालण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून दोन विनंत्या करते. यापुढे या विषयावरचे संशोधन छापताना मात्रा किती होती, ती कोणत्या मार्गाने आणि किती दिवस दिली आणि प्लासिबोच्या तुलनेत काय आढळले, एवढे तरी वाचकांना कळवावे. त्यासाठी चार ओळी पुरतात. दुसरी विनंती तातडीची आहे. लेखाच्या शेवटच्या चौकटीत ‘नशा येत नसल्याने इतर औषधांसोबत निर्धास्तपणे घेता येते’ असे छापले आहे. सीबीडीमुळे यकृतातील काही विकरांचे काम मंदावते, आणि हीच विकरे अपस्माराच्या काही औषधांप्रमाणेच रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचेही विघटन करतात. ही औषधे घेणारे अनेक जण आपले वाचक असणार. या वाक्याची दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत, शक्यतो त्याच पानावर, प्रसिद्ध करावी.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त औषधशास्त्र अध्यापिका)