१३ जुलैच्या बैठकीबद्दल

सर्व सभासदांस,

सोमवारी १३ जुलै. रॉकवाल्यांचा हा दिवस विसरून चालायचं नाही, म्हणून आठवण. १९८५ साली याच तारखेला इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनचं वेम्ब्ली आणि फिलाडेल्फियाचं जेएफके स्टेडियम अशा दोन ठिकाणी 'लाइव्ह एड' ही मदतनिधीची मैफल झाली. गायक-ड्रमर फिल कॉलिन्स लंडनला गाऊन कॉन्कॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून त्याच दिवशी फिलाडेल्फियातही वाजवायला हजर! (तिथल्या लेड झेपेलिन बँडबरोबरच्या त्याच्या वादनाबद्दल न बोललेलंच बरं.) बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचा माइक तर ऐन गाण्यात बराच वेळ बंद होता.

पण आपण मुख्यतः बघणार आहोत ती क्वीन या बँडची वीसेक मिनिटं. गायक फ्रेडी मर्क्युरी: पांढरी बनियन, दंडाला पट्टा, हातात अर्धवट माइक-स्टँड आणि पियानोवर पेप्सीचे ग्लास. 'रेडिओ गागा'ला सगळं स्टेडियम एका तालात टाळ्या देतं, तेव्हा मागची रांग जरूर बघा. हा फ्रेडी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा. पहिला बँडही त्याने तिथेच काढला. गंमत म्हणजे क्वीनचा पहिला अल्बमही १९७३ च्या १३ जुलैलाच आला होता. ज्यांच्याकडे त्याची एलपी (तबकडी) असेल त्यांनी कृपया आणावी, सुई नवीन बसवली आहे.

वेळ संध्याकाळी साडेसहा, जागा नेहमीचीच. चहा मिळेल, खाणं आपापलं. गेल्या खेपेसारखं मध्येच फोनवर बोलत बसू नये.

– कार्यवाह