१२५ पैकी किती?

कोल्हापूर, रविवार

चि. प्राजूस अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. बरोबरच आहे. गुरुवारी मी स्टेशनवर आलो नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. शेडमध्ये दिवा न लावता बसलो होतो. महालक्ष्मी सुटायची वेळ टळली तसा कुलूप लावून घरी आलो.

बुधवारी जेवताना जे बोललो ते तुझ्या कानात अजून असणार. शर्यतीच्या मोटारसायकली बांधणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात तू लागलीस, त्यावर 'बंद पडायच्या दुकानात कशाला नोकरी धरतेस' असं म्हणालो. पोरगी परदेशी निघालीय, ताटावर बसलीय, आणि बाप हे बोलतो. तुझी आई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तर तो विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवून हा कागद घेतलाय. इकडचं सांगतो.

आक्काच्या डोळ्याची पट्टी काढली. आता टीव्हीखालची अक्षरं लांबून वाचते आणि सगळ्या घराला मोठ्याने ऐकवते. सोन्याने काल लेथवर स्वतः आटे पाडले. पिच चुकलं, जॉब भंगारात गेला, तरी गडी खूश. विलासच्या प्लॉटचं अजून तसंच.

त्या १२५ पैकी किती गाड्या झाल्या गं?

बघ, आलंच. आता तोंडातून गेलंच आहे तर बोलून घेतो.

तू म्हणालीस, 'बाबा, नियम सगळ्यांना सारखाच असतो.' ते वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाही. सुपरबाईकच्या शर्यतीत दुकानात विकत मिळते तीच गाडी धावणार, एकच भारी गाडी गुपचूप बनवून आणायची नाही, म्हणून आधी रस्त्यावरच्या १२५ गाड्या तयार करून दाखवायच्या, मग पुढे ठरल्या मुदतीत आकडा वाढवत न्यायचा. इथवर मला पटतं. नाहीतर ज्याच्याकडे पैसा तो काहीही बनवून आणेल. पण सारखा कुठे आहे तो? आपल्याच धंद्यातलं घे. एका पॅटर्नला, म्हणजे ओतकामाच्या साच्याच्या नमुन्याला, ४०,००० रुपये लागले. त्यावर ५,००० कास्टिंग काढली तर नगाला ८ रुपये पडतात. २० काढली तर २,०००. जपानी कंपनीला १२५ गाड्या म्हणजे सकाळच्या चहापर्यंतचं काम. तुमच्यासारख्या चाळीस माणसांच्या कारखान्याला तेच वर्षभराचं पोट आहे. शिवाय गाडी रस्त्यावर चालवायची म्हणून धुराची, आवाजाची सर्टिफिकेटं वेगळी काढा. इंजिन दुसऱ्याकडून घ्यायचं तर तो आगाऊ पैसे मागणार. आणि वरून गाडीच्या किमतीलाही मर्यादा, मधे ४०,००० युरो होती ना? म्हणजे नग थोडे म्हणून खर्च जास्त, आणि तो खर्च गिऱ्हाइकावर टाकायचीही सोय नाही. दोन्हीकडून चिमटा.

सोन्याला मोबाईल घेऊन बसवलं आणि सगळं वाचून काढायला लावलं. तुमच्या गावापासून इटलीतलं रिमिनी तासाभरावर म्हणालीस. तिथली बिमोटा, मोटारसायकलींची छोटी कंपनी. १९८८ साली सुपरबाईकची जागतिक स्पर्धा सुरू झाली, डोनिंग्टनला, आणि तिथली पहिली शर्यत कुणी मारली? होंडाने नाही. यामाहाचं इंजिन विकत घेऊन त्याभोवती स्वतःची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बांधणाऱ्या बिमोटाने, तार्दोझी नावाच्या पोराने. हे वाचलं तेव्हा मला तू दिसलीस, खोटं कशाला बोलू. पुढे २००० साली ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला पावसात गोबर्टने पुन्हा एक जिंकून दिली. आणि त्याच सुमाराला कंपनीचं दिवाळं निघालं. जिंकूनसुद्धा.

आणि २०१४. तेव्हा सवलत दिली होती बिमोटाला. गाड्या पुऱ्या व्हायच्या आधी धावा, पण गुण मिळणार नाहीत, आकडा भरलात की मग बघू. बदोविनी आणि इडन, दोघं जीव तोडून धावत होते. निकाल कागदावर शून्य. आकडा तेव्हाही १२५ च. तो भरला नाही आणि हंगाम संपायच्या आत त्यांना बाहेर काढलं. मला त्या दोघांपेक्षा मागच्या लोकांचं वाटतं. रात्री दोन-दोन वाजता वेल्डिंग करणारं तिथंही कुणीतरी असेलच. त्यांचं पुढे काय झालं हे कुठे लिहिलेलं नसतं.

तू म्हणशील, डुकाटी बघा. बघितली. त्यांना तर नियमाने हात दिला. चार सिलिंडरवाल्यांना ७५०, दोनवाल्यांना, म्हणजे डुकाटीलाही, १००० सीसी. त्या जोरावर १९९० साली रोशने त्यांना पहिलं जगज्जेतेपद मिळवून दिलं, तेव्हा डुकाटी काही आजची डुकाटी नव्हती. म्हणजे तोच नियम एकाला शिडी होतो. मान्य. पण शिडी दुसऱ्याच्या हातात असते. त्या फॉगर्टीने मलेशियाच्या तेलकंपनीच्या पैशावर गाडी काढली, एफपी१. जुन्या नियमाप्रमाणे तीन सिलिंडर, ९०० सीसी आखली, रस्त्यावरच्या दीडशे गाड्या बांधायच्या खटपटीत पडले, आणि २००३ ला मैदानात उतरतात तर चार सिलिंडरवाल्यांनाही १००० चालू! चार वेळचा जगज्जेता माणूस. त्याची ही गत, तर

हे भाषण झालं. मला माहीत आहे. आई आत्ता डोकावून गेली, 'पत्र लिहिताय की हजेरी घेताय' म्हणाली. चुकलं माझं. तू दोन वर्षं हेच शिकलीस, आणि मी मोबाईलवर ऐकून तुला शिकवतोय.

तुला एक कधी सांगितलं नाही. आईला माहीत आहे, विलासला अर्धं. २००१ साली पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं काम होतं आपल्याकडे, हब टर्निंगचं. तीन वर्षं रिजेक्शन जवळजवळ नाहीच. मग एक दिवस पत्र आलं, महिना किमान ५,००० नग देणाऱ्यांचीच नावं यादीत राहतील. सगळ्यांना सारखंच पत्र. मी ३,२०० पर्यंत जात होतो. पतसंस्थेतून कर्ज काढून दुसरं मशीन आणलं, आईच्या पाटल्या गेल्या, रात्रपाळी लावली. ४,६०० झाले. चारशे कमी. साहेब म्हणाले, तुमचं काम उत्तम आहे, पण नियम आहे. चांगला माणूस होता तो, चहा पाजला मला.

मशीन उचलून नेलं त्या दिवशी तू शेडमध्ये होतीस. चार वर्षांची. जमिनीवर तेलाचा काळा चौकोन उरला होता, चार कोपऱ्यांना बोल्टची भोकं, कडेला लोखंडाचा कीस. तू खडूने त्या चौकोनात घरं आखलीस आणि ठिक्कर खेळायला लागलीस. मला म्हणालीस, बाबा, आता किती जागा झाली! मी बाहेर जाऊन विडी ओढली. तो डाग अजून आहे, सोन्याची बाईक त्याच्यावर उभी असते.

म्हणून बुधवारी ते बोललो. तुझ्यासाठी नव्हतं ते, त्या ४,६०० साठी होतं.

तुझं काम मी बघितलंय, प्राजू. तू तो स्विंगआर्मचा, मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, फोटो पाठवलास ना, मी झूम करून वेल्डचा एकेक मणी पाहिला. उद्यमनगरात असा हात आता दोघा-तिघांचाच राहिलाय. फाउंड्रीतल्या काकांना दाखवला, ते म्हणाले मशीनने केलंय. मी म्हटलं, माझ्या पोरीने केलंय. मग त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

बिमोटा २०२५ ला परत आली म्हणे, कावासाकीचं इंजिन, कावासाकीचीच जवळजवळ निम्मी मालकी, आणि त्यांच्यासाठी नियमातही जागा करून दिली. बरं झालं. पण तेव्हा पाठीशी कोण होतं ते बघ. तुमच्या पाठीशी कुणी आहे का? मालक वयस्क आहेत म्हणालीस. मुलगा धंद्यात आहे का त्यांचा? इंजिनवाल्याचे पैसे थकलेत का? हे विचारण्यात लाज नाही. नोकरी धरणाऱ्याने मालकाचा हिशोब जरा बघावाच. पगार ठरल्या तारखेला होतो का, तेवढं तरी. पहिल्या महिन्यात पाच-सहा दिवस इकडेतिकडे चालतं, दुसऱ्या महिन्यातही झालं तर मला सांग, आईला नको. परतीच्या तिकिटाचे पैसे मी बाजूला ठेवलेत, तुझ्या नावाच्या पासबुकात. याचा अर्थ तू परत यावंस असा नाही.

म्हणजे, यावंस असंही वाटतं. पण १२५ करून ये.

एक्केचाळीस झाल्या होत्या ना तू निघालीस तेव्हा? का एकोणचाळीस? फोनवर नीट ऐकू आलं नाही आणि मी भांडायच्या नादात होतो. दर रविवारी नुसता आकडा पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. माझ्या फोनवर पाठव.

तुझे
बाबा

ता. क. बॅगेत तळाशी निळ्या फडक्यात माझा माप घ्यायचा जुना व्हर्निअर घातलाय, आईने मेतकुटाच्या डब्याखाली ठेवला. तुमच्याकडे डिजिटल असतील, माहीत आहे. पण बॅटरी संपली तर असू दे. जबडे बंद केल्यावर शून्याला ०.०४ जास्त दाखवतो, तेवढं वजा करत जा.