रणाआधीची उपासमार

पानिपतावरची कादंबरी हाती आली की मी आधी दाणागोटा शोधतो. तलवारींचा खणखणाट काय, सगळेच लिहितात! ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंची दिल्लीकडची वाट तुटली. डिसेंबरात रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत फौजेबरोबर बुणगे म्हणजे न लढणारे नोकरचाकर, यात्रेकरू, बायकामुले. जनावरांना वैरण नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी लढले ते अर्धपोटी. बऱ्याच कादंबऱ्या हे अडीच महिने दोन पानांत उरकतात. संवाद खुशाल रचावेत, तो लेखकाचा हक्कच. पण बखर कुठे संपली नि कल्पना कुठे सुरू झाली, हे शेवटी एका टिपणात सांगायला काय हरकत आहे? आमच्या वाचनालयात कादंबरीतली वाक्ये सर्रास भाऊंच्या तोंडची म्हणून ऐकवली जातात.

– एक वाचक, सातारा