गिअरबॉक्सच्या तेलाची नोंद बिलावर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर टायर, वायपर, ब्रेक आणि बॅटरी यांची काळजी कशी घ्यावी, हे सांगणारे लेख येतात आणि ते उपयुक्तही असतात. मात्र इनोव्हा क्रिस्टा, अर्टिगा, कार्निव्हल यांसारख्या मोठ्या कौटुंबिक गाड्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागल्या, तरी त्या गिअरबॉक्समधले तेल कधी आणि कसे बदलायचे, हे ग्राहकाला कोणी नीट सांगत नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर विचारले तर बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक तर 'ते लाइफटाइम ऑइल आहे, त्याला हात लावू नका', नाही तर 'करून टाकू साहेब, संध्याकाळी गाडी घेऊन जा'. यातले पहिले उत्तर अपुरे आहे आणि दुसऱ्याची मला अधिक धास्ती वाटते.

अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरदरम्यान बदलावे, अशी शिफारस स्वतःच करते, आणि तोच गिअरबॉक्स बसवणारे काही मोटार उत्पादक मात्र ग्राहकाला तेल आयुष्यभर पुरेल असे सांगतात. आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हा प्रश्न मग पडतोच. हे तेल नुसते वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या तेलाने भरलेल्या भागातून, इंजिनाची ताकद तेच पुढे नेते, त्याच्याच दाबावर आतले क्लच बसतात आणि सुटतात, आणि क्लचांच्या घर्षणातून निघणारी उष्णताही तेच बाहेर वाहून नेते. सात माणसे, टपावर सामान आणि एसी चालू अशा अवस्थेत कसारा घाट चढणारी, किंवा पुण्याच्या संध्याकाळच्या कोंडीत तासभर मुंगीच्या पावलाने सरकणारी गाडी हे तेल किती तापवत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. मालकासाठीच्या पुस्तिकेत 'खडतर वापर' म्हणून जे वर्णन असते, तो आपल्याकडचा रोजचा वापर आहे.

'आजच्या आज करून टाकू' या उत्तराची मला धास्ती का वाटते, ते थोडे सविस्तर लिहितो. पूर्वीच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहण्याची पट्टी, असे. आता पुष्कळ गाड्यांत ती नसते. तेलाची पातळी गाडीखालून, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा तेल बाहेर सोडणाऱ्या, बोल्टमधून पाहावी लागते आणि ती पाहण्यासाठी तेल ठरावीक तापमानाला असावे लागते. टोयोटाच्या अशा गिअरबॉक्ससाठी हे तापमान साधारण 40 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे; इतर कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत. गाडी लिफ्टवर चारही बाजूंनी समतल हवी, इंजिन चालू हवे, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या स्थानांतून सावकाश फिरवून आणलेला हवा आणि तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर) दिसत असायला हवे. मग बोल्ट काढला की तेलाची धार लागते, ती बारीक होत जाते आणि थेंब थेंब पडू लागले की बोल्ट बंद करायचा. तेल जास्त तापलेले असताना हे केले तर ते फुगलेले असल्यामुळे हवे त्यापेक्षा अधिक बाहेर पडते आणि गिअरबॉक्समध्ये कमी राहते. थंड असताना केले तर उलटे होते, आणि जादा तेलाला फेस येऊन दाब टिकत नाही. तेल कमी राहिलेली गाडी चढावर गिअर सोडते किंवा लिव्हर डी (ड्राइव्ह) वर टाकल्यावर क्षणभर थबकून मग पुढे जाते, आणि मालक समजतो की तेल बदलल्यामुळेच गिअरबॉक्स बिघडला.

आता विदर्भातला मे महिना डोळ्यांसमोर आणावा. दुपारी शेडमधली हवाच 43-44 अंशांवर असते. पंधरा किलोमीटर चालून आलेल्या गाडीचे तेल दिवसभर उभे केले तरी 40 अंशांवर उतरणार नाही. अशा ठिकाणी गाडी आदल्या रात्री उभी करून सकाळी पहिले काम हेच घ्यावे लागते. हे सांगणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर मला तरी अजून भेटलेला नाही.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. जाणकार मेकॅनिक तेल भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहतो आणि मगच निचऱ्याचा बोल्ट उघडतो, कारण तेल काढून झाल्यावर वरचा बोल्ट निघालाच नाही तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. ज्या गिअरबॉक्सचा पॅन (तळाचे तेलाचे पात्र) उतरवता येतो, तिथे तो उतरवून आतली चुंबके पाहावीत. त्यांवर काजळासारखा मऊ करडा लेप असेल तर ती नेहमीची झीज असते, पण बोटांना टोचणारे धातूचे कण लागले तर प्रश्न निव्वळ तेलाचा उरलेला नसतो. गॅस्केट आणि वॉशर नवे घालावेत आणि बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळावेत. अंदाजाने आवळून आटे गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

निचरा केल्यावर सगळे तेल बाहेर येत नाही, हेही ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि तेल थंड करणाऱ्या कूलरमधले तेल आतच राहते. समजा, एकूण 10 लिटर तेल आहे आणि एका वेळी 4 लिटर निघते. तर पहिल्या बदलानंतर आत 40 टक्केच नवे तेल असते, मध्ये गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलले की 64 टक्के आणि तिसऱ्यांदा सुमारे 78 टक्के. यंत्र लावून एकदम सगळे तेल बदलण्याचा पर्याय काही ठिकाणी आग्रहाने विकला जातो. दीड लाख किलोमीटर चाललेल्या आणि एकदाही तेल न बदललेल्या गाडीसाठी मी तो घेणार नाही. साधा निचरा, दोन-तीन टप्प्यांत, मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

तेल कोणते, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारायला हवा. क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकला टोयोटाचे डब्ल्यूएस तेल लागते, इनोव्हा हायक्रॉसच्या बिगरहायब्रिड पेट्रोल गाडीतल्या सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्सला) सीव्हीटीचेच तेल लागते, किआ कॅरेन्सच्या पेट्रोल टर्बोमध्ये दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मिळतो आणि रेनो ट्रायबरच्या एएमटीत तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त त्याचे क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः हलवते. चारही गाड्यांत क्लचचे पेडल नाही, एवढ्यावरून एकाच पिंपातले 'ऑटोमॅटिकचे तेल' सगळ्यांना चालवणाऱ्या गॅरेजपासून दूर राहिलेले बरे.

अमेरिकेतल्या आमच्या नातेवाइकांकडे होंडाची ओडिसी ही मिनीव्हॅन आहे. तिच्यातली देखभाल-सूचना प्रणाली गाडी कशी चालवली गेली याचा हिशेब ठेवते आणि गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची वेळ आली की डॅशबोर्डवर 3 हा उपक्रमांक दाखवते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या, पंचवीस-तीस लाखांच्या गाड्यांतही अशी सोय द्यायला उत्पादकांना काय अडचण आहे, ते कळत नाही.

माझी मागणी मात्र त्याहून साधी आहे. गिअरबॉक्सचे तेल बदलल्यावर जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) आणि बिलावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: तेलाचा नेमका ग्रेड, किती लिटर काढले, किती लिटर भरले आणि पातळी किती अंश तापमानाला तपासली. आज बिलावर 'एटीएफ' (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) आणि 'मजुरी' एवढेच असते, त्यामुळे पुढे तक्रार उद्भवली तर ग्राहकाच्या हाती काहीच पुरावा नसतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण बिलात काय असावे याचा आग्रह आपण ग्राहकांनीच धरायला हवा. काम सोपवतानाच या चार नोंदी मागाव्यात, सीलबंद डबे समोर उघडायला सांगावेत आणि नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वाहन उत्पादकांनीही आपल्या अधिकृत सेवा केंद्रांच्या जॉब कार्डवर या नोंदींसाठी छापील रकाने द्यावेत, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, नाशिक