माईसाहेबांची नोंद दीक्षाभूमीच्या गावात व्हावी : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय जय भीम.

मंत्री महोदय, मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्ध्यावर बाजूला पडलं तरी काम अडायला नको. डॉ. सविता आंबेडकर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्या कामाची नोंद सरकारने नागपुरात घ्यावी. पुतळा नको. चौकाला नाव तर त्याहून नको, त्यानं ऑटोवाल्यांचा गोंधळ वाढण्यापलीकडे काही होत नाही. मला जे हवं आहे ते आपल्या खात्याच्या हातातलं आहे.

मी इंदोऱ्यात राहते. सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आरोग्य शिबिरं लागतात, त्यातल्या एकात बीपी-शुगर तपासायला बसते. हे पत्र लिहायचं कारण तिथंच मिळालं. हिंगोलीकडून आलेली एक आजी दंडाला पट्टा बांधून घेता घेता शेजारणीला सांगत होती, "थे डॉक्टरीण होती ना, मंग बाबासाहेबाले कावून नाही वाचवलं तिनं?" मी म्हटलं, "आजी, डॉक्टरांच्या घरचीही माणसं मरतातच." तिला पटलं नाही. तिची चूक नाही. तिला एवढंच सांगितलं गेलं आहे, आणि दुसरं काही सांगणारा एकही फलक तिथं तिला भेटला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला त्या मैदानावर महास्थविर चंद्रमणी यांनी त्रिशरण आणि पंचशील दिलं ते आधी दोघांना, बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना. त्यानंतर बाबासाहेबांनी समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. म्हणजे या गावात धम्म स्वीकारणारी पहिली स्त्री त्या होत्या. ११ ऑक्टोबरला दिल्लीहून बाबासाहेबांसोबत त्याही आल्या होत्या, सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरल्या होत्या. त्या सोहळ्याच्या फोटोत पांढऱ्या साडीत, हात जोडून उभ्या असलेल्या माईसाहेब दिसतात. मात्र मी पाहिलेल्या पुष्कळ बॅनरांवर तो फोटो नेमका त्यांच्या बाजूनं कापलेला असतो. बॅनरवाल्याला विचारलं तर म्हणतो, जागा पुरत नाही.

आता जरा माझ्या पेशातलं सांगते. बाबासाहेब-माईसाहेबांचं लग्न १५ एप्रिल १९४८ चं, दिल्लीतलं, नोंदणी पद्धतीचं. आदल्याच दिवशी बाबासाहेबांना सत्तावन्न पूर्ण झाली होती. घटनेच्या मसुद्याचं काम अंगावर, आणि अंगात मधुमेह, रक्तदाब, शिवाय झोप लागू न देणारं पायांचं दुखणं. माईसाहेब, लग्नाआधीच्या शारदा कबीर, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या, बाबासाहेबांवर उपचार करणाऱ्या डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या. आपण काय पत्करतो आहोत हे त्यांना नेमकं कळत होतं, कारण पेशंटचे कागद त्यांच्या डोळ्यांसमोरचे होते.

त्या काळी घरात मधुमेही सांभाळणं काय होतं, हे आजच्या पोरींना सांगितलं तर खोटं वाटतं. आता बोटाला टोचलं की आकडा समोर. तेव्हा परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे मोजून थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळा रंग निळाच राहिला तर बरं. हिरवा झाला की सावध व्हायचं, पिवळा झाला की काळजी, आणि विटेसारखा लाल झाला की पथ्य, डोस सगळं पुन्हा मांडायचं. सिरिंज काचेची, सुईसकट दर वेळी उकळायची. सुई बोथट झाली की दगडावर घासायची. इन्शुलिन देऊन झालं आणि जेवण लांबलं, तर पेशंट घामाघूम होतो, हात कापायला लागतात, बोलणं अडखळतं. आणि इथं पेशंट कोण, तर पुस्तकात शिरला की ताटाकडे न बघणारा! तुम्ही कधी अशा माणसाला वेळेवर जेवायला बसवून बघा.

या अवस्थेत त्या माणसाने घटना पूर्ण केली, हिंदू कोड बिलासाठी संसदेत भांडून शेवटी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, औरंगाबादला कॉलेज उभं केलं आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून संपवला. कर्तृत्व त्यांचंच, त्यात वाटेकरी कोणी नाही. पण त्या आठ-साडेआठ वर्षांत त्यांना उभं कोणी ठेवलं, याचं उत्तर त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेत पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार त्यांनी मानले, त्यांच्यामुळेच ग्रंथ पूर्ण करता आला असं म्हटलं. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात निघाला, आणि ती प्रस्तावना त्यात नव्हती. १९८० मध्ये आंबेडकरवादी लेखक भगवान दास यांनी ती पुढे आणली. म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ लोक ग्रंथ डोक्याला लावत राहिले आणि त्यातलं हे पान कोणाला माहीतच नव्हतं. त्या काळात जे बोललं गेलं, ते अजून दीक्षाभूमीवरच्या रांगेत ऐकू येतं.

६ डिसेंबर १९५६ नंतर काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. नवरा गेलेल्या बाईकडे, ती जन्माने सारस्वत ब्राह्मण म्हणून, बोट दाखवलं गेलं. केंद्र सरकारने चौकशी केली. मृत्यू नैसर्गिक होता, असाच निष्कर्ष निघाला. पण चौकशी फायलीत राहते आणि कुजबुज घराघरांत जाते. माईसाहेब तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढची कितीतरी वर्षं दिल्लीत एकट्या राहिल्या. चळवळीतल्या तरुण पोरांनी, दलित पँथरवाल्यांनी, त्यांना पुन्हा आपल्यात आणलं, हे त्या पोरांचं मोठेपण. १४ एप्रिल १९९० ला बाबासाहेबांचं भारतरत्न राष्ट्रपती व्यंकटरमण यांच्या हातून त्यांनीच स्वीकारलं. २९ मे २००३ रोजी मुंबईत त्या गेल्या.

मग बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नी रमाईंचं काय, असं कोणीतरी लगेच विचारेल. आमच्या घरी रमाईंची तसबीर माझ्या आईच्या हातची आहे आणि ती भिंतीवरून हलणार नाही. रमाईंनी उपास काढले, लेकरं गमावली, आणि १९३५ साली गेल्या. पुढचं काहीच त्यांना बघायला मिळालं नाही. आपल्या खात्याची घरकुल योजना रमाईंच्या नावाने आहे, ते योग्यच आहे, घरासाठी झुरलेल्या बाईचं नाव घराला. पण दोघींना तराजूत घालून एकीला जड ठरवायचा हा खेळ पुरुषांनी सुरू केला आणि आम्ही बायकांनी तो चालू ठेवला. माझ्या मते तो थांबवायला हरकत नाही.

आता काय करावं ते. काटोल रोडला, फेटरीच्या पुढे, चिचोलीचं शांतिवन आहे. बाबासाहेबांचा टाइपरायटर, कोट, टोप्या, वापरातल्या वस्तू तिथं आहेत. दीक्षा सोहळ्याच्या आयोजनात राबलेल्या वामनराव गोडबोल्यांनी त्या जपल्या, आणि त्यांच्या हवाली केल्या त्या माईसाहेबांनी. पतीचा कोट दुसऱ्याच्या हाती देणं सोपं नसतं. पेशंटचे कपडे नातेवाइकांच्या हातात देताना मी ते पुष्कळदा पाहिलं आहे. तिथं येणाऱ्या माणसाला या वस्तू कोणी दिल्या ते मोठ्या अक्षरांत वाचायला मिळालं पाहिजे. त्याच भिंतीवर ती प्रस्तावना मराठीत लावा, आणि शेजारी चौकशीचा निष्कर्ष, सरकारच्या नावानिशी. कुजबुजीला सरकारी शिक्क्याचं उत्तर मिळू द्या. हिंगोलीच्या आजीसाठी हाच फलक दीक्षाभूमीवरही, शिबिरांच्या मंडपाजवळ लागला, तर फारच बरं.

दुसरं, नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं मिळून आमच्या समाजाच्या कितीतरी पोरी डॉक्टर, नर्स होताहेत. मागासवर्गीय मुलींची वसतिगृहं आपलंच खातं चालवतं. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एक वसतिगृह द्या आणि त्याला डॉ. सविता आंबेडकर हे नाव द्या. नावात 'डॉ.' राहू द्या, ते विसरू नका. 'बाबासाहेबांच्या पत्नी' एवढंच लिहिलं तर अर्धंच झालं. आणि कृपा करून, नुसतं नाव देऊन उद्घाटनाची कोनशिला लावू नका. पाणी चोवीस तास, आणि रात्रपाळीहून येणाऱ्या पोरीला गरम जेवण मिळेल अशी मेस, एवढं बघा.

तिसरं तर अगदी लहान आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सरकारी आरोग्य पथकं येतातच. त्यांच्या मंडपावर आणि केसपेपरवर माईसाहेबांचं नाव छापा. छपाई दरवर्षी नव्याने होतेच, त्यामुळे यंदाची ऑर्डर जायच्या आधी निर्णय झाला तर बरं. मजकूर काय असावा ते लिहून द्यायला मी तयार आहे, केसपेपर भरण्यात उभा जन्म गेला आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
इंदोरा, नागपूर