एकच धंदा लिहा म्हणे, बाकीचे कुठं लिहू?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात करिअरवर लेख आला होता, एकच काम धरा नि त्यातच मुरा असा सल्ला होता, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. सल्ला चूक आहे असं नाही, उद्या माझं ऑपरेशन असेल तर मलाही त्याच एका ऑपरेशनवर हात बसलेला डॉक्टरच लागेल. पण सगळ्यांनीच तसं जगावं हे काय पटत नाही बुवा.

मी वायरिंग करतो, सुतारकाम बऱ्यापैकी जमतं, शिवणयंत्र चालवतो आणि चार लोकांचे हिशोबही लिहून देतो. कुणाचा पंखा बंद पडला की मी हरहुन्नरी, नोकरीचा विषय निघाला की तोच मी ‘एक ना धड भाराभर चिंध्या’. एका इंटरव्ह्यूत तर साहेब म्हणाले, तुमचं नेमकं फील्ड कोणतं ते आधी ठरवा.

आता गंमत सांगतो. पहिल्यांदा फळी कापली तेव्हा दोन तुकडे एकदम बरोबर आखले होते तरी दुसरा कमी भरला, कारण करवत स्वतःच्या दातांच्या जाडीएवढं लाकूड खाते. चिडलो, आणि मग आठवलं की शिवताना आपण शिलाईसाठी कापड जास्तीचं सोडतोच की, म्हणजे माप एक आणि काप वेगळा, हे मला आधीच येत होतं फक्त लाकडावर लावलं नव्हतं. तेव्हापासून कामाचं एस्टिमेट काढतानासुद्धा मी वेस्टेज आधी धरतो. तर एक काम दुसऱ्याला असं शिकवतं, ते सर्टिफिकेटवर कुठं दिसणार?

लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास इटलीतल्या मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागायला पत्र लिहिलं, त्यात पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं असं सगळं आधी, आणि मला चित्रंही काढता येतात हे पार शेवटी! अर्थात त्याची कितीतरी कामं अर्धवट राहिली हेही खरं, आणि हा दोष आमच्या जातकुळीत आहेच, माझ्या घरी एक कपाट दार न लावता तसंच उभंय, बायको रोज आठवण करते.

क्रिकेटमध्ये मात्र हे कुणाला खटकत नाही. वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सने ९३ कसोटींत ८०३२ धावा केल्या, २३५ विकेट घेतल्या, १०९ कॅच पकडले, वर वेगवान बॉलिंग पण टाकायचा आणि दोन प्रकारची स्पिन पण, त्याला कोणी म्हटलं का की आधी फील्ड ठरव?

ऑफिसात मात्र अष्टपैलू म्हणजे ज्याच्या टेबलावर कुणाचंही काम टाकता येतं तो. प्रिंटर अडला बोलवा त्याला, सुट्टीवर गेलेल्याचं रजिस्टर द्या त्याला, आणि प्रमोशनच्या वेळी म्हणायचं की याचा कशात खास अभ्यास नाही. यावर कुणीतरी लिहा ना एकदा.

आम्हालाही एक पथ्य आहे, आपलं कोणतं काम पक्कं आणि कोणतं कच्चं ते समोरच्याला आधीच सांगायचं. माझं प्लंबिंग कच्चं आहे, मी नळाचा वॉशर बदलतो, भिंतीतल्या पाइपला हात लावत नाही.

परवा एक फॉर्म भरला, व्यवसायाच्या रकान्यात एकच पर्याय निवडायचा होता. ‘इतर’ वर टिक केली तर पुढं ‘कृपया स्पष्ट करा’ आणि जागा बोटभर. ‘वायरिंग, सुतारकाम, शि’ एवढंच मावलं.

आपला,
एक नियमित वाचक